बेसाचं रो-हाऊस: पैसे देऊन घराची तपासणी केली तर नक्की काय हाती येतं?

बेसावाली_होणार · ११ मे

नमस्कार मंडळी. नागपुरात बेसा-पिपळा रोडच्या आत एक रो-हाऊस पाहिलंय. खाली हॉल, किचन, एक बेडरूम, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. बांधकाम २०११ चं, विकणारे दुसरे मालक आहेत. नवरा रोज बुटीबोरीला जातो, मी धंतोलीत नोकरीला. आठ वर्षं त्रिमूर्ती नगरात भाड्यानं काढली, आता स्वतःचं हवंय.

बँकेचा माणूस येऊन गेला तेव्हा मला वाटलं, चला, कोणीतरी जाणकार घर पाहून राहिला. तो अकरा मिनिटं होता. टेप लावला, चार फोटो काढले, शेजारच्या घराचा भाव विचारला आणि गेला. गच्चीवर चढलाच नाही. नंतर कळलं की त्याचं काम घराची किंमत ठरवायचं, तब्येत पाहायचं नाही.

ऑफिसातली मैत्रीण म्हणाली की घर घेण्याआधी इंजिनिअरकडून रीतसर तपासणी करून घेणारे लोक आता नागपुरातही आहेत. एकाला फोन केला, त्यांनी नऊ हजार सांगितले. घरी हे बोलले तर सासरे म्हणाले, "घर पाहाले पैसे कायले द्याचे? मी येतो न, ठोकून पाहतो." ते खरंच येतात. भिंतीवर दोनदा टकटक करतात, "मजबूत आहे" म्हणतात आणि चहा घेतात.

मला एवढंच विचारायचंय की नऊ हजारांत तो माणूस काय पाहील? घ्या किंवा घेऊ नका असं सांगेल का? एक गोष्ट मनात खुपतेय. मालकांनी नुकताच रंग मारलाय, आत गेलं की वास येतो. आणि ब्रोकर म्हणतोय की रविवारी दुसरी पार्टी येणार आहे.

---

खामल्याचा_पोट्टा · ११ मे

ताई, नऊ हजारात झकास कूलर येते. आमच्या मामानं मागच्या वर्षी घर घेतलं, तं वळखीच्या मिस्त्रीले पाचशे रुपये अन् तर्री-पोहे देऊन दाखवलं. तो म्हणे सगळं ओक्के. पावसाळ्यात जिन्यात बादली ठेवा लागते, पण ते तं सगळ्यांच्याच घरी असते.

---

ओळंबा · १२ मे

पोट्ट्या, ती बादली सगळ्यांच्या घरी नसते रे बावा.

ताई, मी साइट इंजिनिअर म्हणून ३१ वर्षं काढली. निवृत्तीनंतर महिन्याला दोन-तीन घरं पाहून देतो. तुमचं काम मागायला लिहीत नाहीये, गुडघ्यांमुळे मी आता जिने कमी केलेत.

आधी माझा मूर्खपणा सांगतो. माझं स्वतःचं मानेवाड्याचं घर मी १९९८ च्या ऑगस्टमध्ये घेतलं. दुसऱ्यांची घरं बांधणारा माणूस, म्हटलं मला कोण शिकवणार. भिंती गुळगुळीत, दारं नीट लागत होती. पुढच्या एप्रिलमध्ये बेडरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी भेग गेली, तिच्यात रुपयाचं नाणं उभं राहायचं. जुलैत ती मिटली. मे आला की पुन्हा उघडली. घर तेच होतं, मीच चुकीच्या महिन्यात पाहिलं होतं.

आपल्याकडे हा सगळा काळ्या मातीचा खेळ आहे. पश्चिम नागपुरात काही ठिकाणी हातभर खोदलं की काळा पाषाण लागतो, तिथे पाया निवांत बसतो. पण जिथे कालपरवापर्यंत कापूस-सोयाबीन होतं आणि आता लेआउट पडले, तिथे खाली काळी माती. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. तुम्ही उन्हाळ्यात शेतातल्या भेगा पाहिल्याच असतील, त्याच भेगा घराखालीही पडतात. बांधणाऱ्यानं पाया खाली मुरमापर्यंत नेला असेल तर घराला फारसं कळत नाही. वरच्या वर उरकला असेल तर भिंत दरवर्षी श्वास घेते.

म्हणून तपासणीला आलेल्या माणसानं पहिल्या पाच मिनिटांत माती कोणती, पाया किती खोल हे विचारलं नाही, तर त्याला चहा पाजून पाठवून द्या.

मे महिन्यात पाहताय, यात अर्धं नशीब चांगलं आहे. माती वाळलेली असल्यानं पायाच्या भेगा आत्ता सगळ्यात रुंद असतात, लपत नाहीत. अर्धं नशीब वाईट, कारण गळती आत्ता दिसणार नाही. सगळं पापडासारखं कोरडं असतं. आणि तुमच्या मालकांनी नेमक्या याच दिवसांत पुट्टी भरून रंग मारलाय. लोक लग्नाकार्यासाठीही रंग मारतात, लगेच संशय घेऊ नका. फक्त विचारा की कधी मारला, का मारला आणि आधीचे फोटो आहेत का. वास्तुशांतीचे, वाढदिवसाचे, कुठलेही. केक कापतानाच्या फोटोत मागची भिंत असतेच.

आता भेगांबद्दल, कारण लोक इथेच उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यात उभी सरळ रेघ असेल, तर प्लास्टर करताना तिथे जाळी मारली नव्हती एवढाच अर्थ. दिसायला वाईट, बाकी काही नाही. वरच्या मजल्यावर छताच्या अगदी खाली आडवी बारीक रेघ असते, ती आपल्या उन्हाची देणगी. स्लॅब ४५ अंशांत तापून पसरतो, रात्री आखडतो, खालची भिंत त्याच्याबरोबर जात नाही. घर पडत नाही, पण तिथून पाणी येऊ शकतं. कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या विटा नीट पाणी मारून मुरवल्या नसतील, तर भिंतीवर केसासारख्या रेघा येतात, त्याही चालतात. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरपी जाणारी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग मात्र पायाची असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्लॅबच्या किंवा बीमच्या पोटाला, सळईच्या रेषेत जाणारी, कडेला तांबूस डाग असलेली भेग. आत लोखंड गंजतंय आणि फुगून काँक्रीटला ढकलतंय. तिथे पुट्टी म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर.

तपासणारा हे सगळं डोळ्यांनी, बॅटरीनं आणि हातोडीनं पाहतो. तुमच्या सासऱ्यांची टकटक चुकीची नाही, फक्त ती भिंतीवर दोनदा न करता स्लॅबच्या पोटाला, बाथरूमच्या टाइल्सला, पोर्चच्या छताला शंभरदा करायची असते. भरीव आवाज वेगळा, ढब आवाज वेगळा. ओल मोजायचं छोटं यंत्र बहुतेकांकडे असतं. थर्मल कॅमेरा असेल तर उत्तम, ओला भाग त्यात थंड दिसतो. पण आज भिंतीत ओलच नसेल तर कॅमेरा तरी काय दाखवणार?

म्हणून गच्ची. मालकांना विनंती करून पाणी तुंबवून पाहा. नाळीच्या तोंडाला पोतं कोंबायचं, दीड-दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलची खूण करायची आणि २४ तास सोडायचं. शेजारी पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवा, त्यालाही खूण करा. मेमध्ये पाणी उन्हानंही उडतं, त्यावरून भांडणं होतात. घमेल्यात एक बोट उतरलं आणि गच्चीतही एकच बोट उतरलं, तर ऊन प्यालं. गच्चीत जास्त उतरलं, तर घर प्यालं. हे करायला कोणतीच डिग्री लागत नाही, मालकांची तयारी लागते. ते नाही म्हणाले तर तीही माहितीच समजा.

रो-हाऊस आहे म्हणून दोन घरांमधला सांधा वरून नक्की पाहायला सांगा. शेजाऱ्यानं आपली बाजू दुरुस्त केली नाही तर पाणी तुमच्या जिन्यात उतरतं. (पोट्ट्या, मामांचं घर रो-हाऊस आहे का?)

कूलरची खिडकी. हे पुण्या-मुंबईच्या यादीत सापडणार नाही. दहा-बारा उन्हाळे ज्या खिडकीत कूलर लागला, तिच्या खालची भिंत आतून-बाहेरून पाहा. पोपडे, लोणा, गंजलेला स्टँड, सज्ज्यातून डोकावणारी सळई. चांगल्या घराचीही ही एक भिंत आजारी असते.

आणि घरापुढचा रस्ता. सिमेंट रोड झाला असेल तर तो तुमच्या पोर्चपेक्षा उंच झालाय का ते मोजा. नागपुरात हे दुखणं गल्लोगल्ली आहे. घर पाया-बिया सगळं नीट असूनही जुलैत पाणी हॉलमध्ये.

आता जे मिळणार नाही ते. तो भिंत फोडणार नाही, फरशी उचलणार नाही, कपाटामागचं कपाट सरकवल्याशिवाय पाहणार नाही. कागद पाहणार नाही. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आहे की नाही, सातबारा, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) यासाठी वकील वेगळा. फार तर नकाशा हातात दिला तर वरची खोली नकाशात नाही एवढं सांगेल. "घ्या" किंवा "घेऊ नका" म्हणणार नाही, म्हणूही नये. डॉक्टर रिपोर्ट सांगतो, लग्न करू की नको हे तुम्ही ठरवता. आणि हमी तर नाहीच. जो पाच वर्षांची हमी लिहून देतो म्हणेल, त्याच्यापासून लांब राहा.

आपल्याकडे या कामाला सरकारी परवाना नसतो, कोणीही बोर्ड लावू शकतो. म्हणून आधी केलेला एखादा रिपोर्ट मागा (नाव-पत्ता खोडलेला चालेल). त्यात "सर्वसाधारणपणे समाधानकारक" हे शब्द तीनदा आले तर दुसरा माणूस शोधा. आणि ब्रोकरनं सुचवलेला तपासणारा तर अजिबात नको.

---

निवृत्त_वायरमन · १२ मे

ओळंबा साहेबांनी सगळं सांगितलं, विजेचं सोडून. इंजिनिअर लोक बटणं दाबून पंखे फिरतात का ते पाहतात आणि पुढे जातात.

बाई, आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. कूलर लोखंडी, आत पाणी, खाली ओली फरशी आणि अर्थिंगचा पत्ता नाही. थ्री-पिन सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. मी किती सॉकेट उघडली की वरच्या भोकामागे वायरच नाही. प्रत्येक खोलीत, विशेषतः कूलरच्या आणि गिझरच्या जागी, सॉकेट टेस्टर लावून पाहायला सांगा.

डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मेन स्विचच्या पेटीत, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद पडणारा स्विच) आहे का पाहा. तिचं टेस्टचं बटण दाबलं की ती पडली पाहिजे. पण ती पडली म्हणून अर्थिंग ठीक आहे असं समजू नका, ते बटण अर्थिंग तपासतच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि साहेबांनी काळ्या मातीचं सांगितलं ना, ते इथेही लागू. माती वाळली की अर्थिंग कमजोर होतं. ज्या महिन्यात कूलर चालतो नेमका त्याच महिन्यात. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे मालकाला विचारा. दहातले आठ जण दाखवू शकत नाहीत, त्यावर टाइल्स बसलेल्या असतात. वीज बिलावर मंजूर भार किती आहे तोही वाचा, दोन एसी लावायचे असतील तर आत्ताच कळलेलं बरं.

---

प्रतापनगर_जुने · १३ मे

मी दोन वर्षांपूर्वी अशी तपासणी करून घेतली होती, माझा अनुभव थोडा कडू आहे. चव्वेचाळीस पानांचा रिपोर्ट आला. पहिल्या पानावर बाथरूमच्या नळाची गळती, तिसऱ्यावर दाराची कडी सैल. गच्चीच्या पॅरापेटची (कठड्याची) भेग एकोणतिसाव्या पानावर, कडीच्याच अक्षरांत. मी पहिली दहा पानं वाचून "बारीकसारीक आहे" म्हणत सही केली. पॅरापेटला पुढे माझे साठ हजार लागले. म्हणजे त्यानं लिहिलं होतं, मीच वाचलं नाही, पण असंही नाही ना लिहायचं.

नवा फ्लॅट घेणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून ताबा घेताना एकदा आणि पाच वर्षं संपायच्या आत एकदा तपासणी केली तर पैसे वसूल होतात. बेसावाली ताई, तुमच्या २०११ च्या घराला याचा उपयोग नाही.

अजून एक. नागनदीच्या किंवा नाल्याच्या आसपास घर पाहत असाल तर सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारा. अंबाझरी भरून वाहिला तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं, ते आजही भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतात.

---

बेसावाली_होणार · १३ मे

सगळ्यांचे आभार. काका, तपासणीच्या वेळी आम्ही तिथे थांबलं तर चालतं का? की त्यांच्या कामात अडथळा होतो? आणि रिपोर्टवरून भाव कमी करायला सांगणं बरं दिसतं का?

---

ओळंबा · १३ मे

थांबलंच पाहिजे. अर्धे पैसे त्या तीन तासांचे असतात. कागदावर "ओल आढळली" असं दोन शब्दांत येतं, पण तिथे उभं राहिलं की तो बोट ठेवून सांगतो की ही नळाची, ही पावसाची. तुम्हाला थांबू देणार नाही म्हणणारा नको. सासऱ्यांनाही न्या. मनापासून सांगतो, ठोकायची आवड असलेला माणूस अशा वेळी फार कामाचा.

प्रतापनगरवाल्या ताईंचा मुद्दा रास्त आहे. आधीच सांगून ठेवा की पहिल्या पानावर तीनच गोष्टी हव्यात: लगेच करायचं काय, वर्षभरात करायचं काय आणि नुसतं लक्ष ठेवायचं काय. कड्या-नळ शेवटी.

भावाचं म्हणाल तर रिपोर्ट दाखवून भांडू नका, दुरुस्तीचा अंदाज काढून तो समोर ठेवा. "तुमचं घर वाईट आहे" म्हटलं की माणूस दुखावतो, तो तिथे राहिलेला असतो. "गच्चीचं काम एवढ्याचं आहे, निम्मं तुम्ही घ्या" म्हटलं की बोलणं पुढे जातं. आणि रविवारच्या पार्टीचं मनावर घेऊ नका. १९९८ साली माझ्याही मागे एक पार्टी होती.

---

बेसावाली_होणार · २७ मे

झालं एकदाचं. उशिरा लिहितेय, माफ करा.

रविवारची पार्टी आली नाही. इंजिनिअर शनिवारी सकाळी सातला आले, ऊन चढायच्या आत गच्ची उरकायची म्हणून. साडेतीन तास होते. सासरे स्वतःची बॅटरी घेऊन आले आणि त्यांच्या मागे मागे सगळीकडे फिरले, पाण्याच्या टाकीमागेसुद्धा. पहिला अर्धा तास गप्प होते. मग बाथरूममध्ये दोघांनी मिळून टाइल्स ठोकल्या.

पाण्याला मालक आधी नाही म्हणाले, मग त्यांच्या बायकोनं हो म्हटलं. घमेल्यात एक बोटही उतरलं नाही, गच्चीत अडीच बोटं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या छताला, शेजारच्या घराच्या बाजूनं, ताटलीएवढा काळसर डाग. नव्या रंगावर. मालक त्याच्याकडे पाहत राहिले, मला त्यांचंच वाईट वाटलं. ते म्हणाले, तीन वर्षं आम्ही दर पावसाळ्यानंतर रंगच मारतो आहोत.

वायरमन काका, वरच्या दोन्ही खोल्यांतल्या सॉकेटला अर्थिंग नाही. खालच्या आहे. खड्डा पोर्चच्या टाइल्सखाली निघाला, तुम्ही म्हणालात तसाच. रस्ता पोर्चपेक्षा सात इंच उंच. कूलरच्या खिडकीखालची भिंत आजारी, पण इंजिनिअर म्हणाले की प्लास्टर काढून नवीन केलं की भागेल. स्लॅबच्या पोटाला गंज कुठे नाही. खालच्या बेडरूममध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग आहे, पुट्टीच्या खालून पुन्हा उमटलेली, नख जाईल एवढी. त्यावर त्यांनी आडव्या दोन रेघा मारून पेन्सिलनं तारीख लिहिली आणि पावसाळ्यात पुन्हा पाहा म्हणाले. मालकांनी पुसू नये म्हणून सासऱ्यांनी शेजारी "पुसू नये" असंही लिहिलंय.

गच्ची, सांधा आणि वायरिंगचा मिळून दोन लाख दहा हजारांचा अंदाज निघाला. मालकांनी सव्वा लाख सोडले. शेजाऱ्यांशी सांध्याचं बोलणं अजून व्हायचंय, ते गावाला गेलेत, आल्याशिवाय इसार द्यायचा नाही असं ठरलंय.

सासरे आता आमच्या भाड्याच्या घराच्या टाइल्स ठोकून राहिले आणि घरमालकाला फोन करून राहिले. त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय, काका: मानेवाड्याच्या त्या भेगेचं पुढे काय झालं?

---

ओळंबा · २८ मे

२००३ साली घराभोवती तीन फुटांचा फरशीचा पट्टा केला, पाणी भिंतीपासून लांब काढलं आणि खिडकीजवळचं बदामाचं झाड बायकोशी भांडून तोडलं. भेग आहे अजून. कालच पाहिली. आता रुपया जात नाही, पोस्टकार्ड जातं.

---

खामल्याचा_पोट्टा · २८ मे

हो, रो-हाऊसच आहे मामाचं.